मदत हवी आहे : मांड्यांच्या ऑर्डरी इन्स्टा-व्हॉट्सॲपवर येतात, सोबत ब्लॉग कसा चालवायचा?

शहापूरची मांडेवाली
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचा मांड्यांचा घरगुती व्यवसाय आहे, सणाला कुंदाही करतो. इन्स्टाग्राम, फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲप बिझनेस, तिन्ही आहेत. रील चालते, पण दोन-चार दिवसांनी ती कुणापुढे येत नाही. रुखवताला किती मांडे लागतील, किती दिवस टिकतात, पुण्याला पाठवता का, हे मात्र रोज नव्याने टाइप करावं लागतं. म्हणून ब्लॉग काढायचा विचार आहे. ब्लॉगर घ्यावं की वर्डप्रेस? भाषा कोणती? आणि इन्स्टावर टाकतो तेच ब्लॉगवर टाकायचं का? खर्च कमीत कमी हवा. जाणकारांनी सांगा की.

खडेबाजारकर
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक ब्लॉग तिथंच बंद पडतात. तेच टाकू नका. रील बघणाऱ्याला मांडे नको असतानाही दिसते. गूगलवर शोधणाऱ्याला ते हवेच असतात, फक्त अडलेली एक गोष्ट त्याला विचारायची असते. तुमचे विषय व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये तयार पडलेत. मागच्या लग्नसराईतले प्रश्न काढा आणि गिऱ्हाइकाच्याच शब्दांत मथळा द्या. एका प्रश्नाला एक पान. उत्तर पहिल्या दोन ओळींत, तपशील खाली. शंभर पाहुण्यांना किती नग, एका डब्यात किती बसतात, किती दिवस आधी सांगायचं, वाटेत तुटले तर काय, हे आकड्यांत लिहा. दर फोटोवर छापू नका, मजकुरात लिहा आणि शेजारी तारीख टाका. फोटोतला दर बदलायला फोटोच नवा करावा लागतो, आणि जुना फोटो व्हॉट्सॲपवर फिरत राहतो.

पाच-सहा पानांसाठी ब्लॉगर पुरे. फुकट आहे, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) लागत नाही. मात्र स्वतःचं डोमेन (साइटचा आपल्या नावाचा पत्ता) पहिल्या दिवसापासून जोडा. उद्या वर्डप्रेसवर गेलात तरी पत्ता तुमचाच राहील. घेताना पहिल्या वर्षाची सवलत नव्हे, नूतनीकरणाचा दर बघा. ब्लॉगर दोन सीनेम नोंदी (डोमेन ब्लॉगरशी जोडणाऱ्या ओळी) देतं, त्या डोमेनवाल्याकडे भरायच्या. मग ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना टाइप केलेला पत्ता वळवण्याचा पर्याय, दोन्ही चालू करा. हे दोन विसरले की काही लोकांना साइट उघडतच नाही.

आता ब्लॉगरची खोड. पोस्टच्या पत्त्यात वर्ष आणि महिना येतो, त्यामुळे दराचं पान पुढच्या वर्षी शिळं दिसतं. टिकाऊ मजकूर ‘पेज’ म्हणून टाका, त्यात तारीख नसते. पण पेजचा पत्ता मथळ्यातून आपोआप बनतो, आणि देवनागरी मथळ्यातून अर्थहीन पत्ता तयार होतो. म्हणून आधी छोट्या रोमन मथळ्याने प्रकाशित करा, मग मथळा मराठी करा. पत्ता तोच राहतो. पोस्टला हा द्राविडी प्राणायाम नको, तिथं प्रकाशित करण्याआधी पर्मालिंक, म्हणजे पानाचा पत्ता, हाताने लिहिता येते. सर्च कन्सोलमध्ये (गूगलला आपली साइट कळवायची मोफत सोय) पोस्टांचा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, वेगळा आणि पेजेसचा वेगळा द्यायचा. दुसरा सहसा राहून जातो.

चिकोडी-निपाणी
भाषेचं सांगतो. एका पानावर तीन भाषा मिसळू नका, गूगललाही कळत नाही आणि वाचणाराही कंटाळतो. मराठी पानं पूर्ण करा. त्यानंतर फक्त दर आणि ऑर्डरचं पान कन्नडमध्ये वेगळं काढा, एकमेकांना लिंक द्या. कन्नडमध्ये लोक ‘मंडिगे’ शोधतात, तो शब्द कन्नड लिपीत मथळ्यात हवा. भाषांतराचं बटण लावून भागत नाही, त्या बटणाने दिसणारा मजकूर गूगलच्या शोधात येत नाही. जाणत्या माणसाकडून लिहून घ्या. बेळगावचं नाव २०१४ साली बदललं तरी बाहेरचे लोक इंग्रजीत जुनं स्पेलिंगही टाइप करतात. दोन्ही स्पेलिंगं पानाच्या मजकुरात एकेकदा येऊ द्या, मथळ्यात कोंबू नका.

आणि आपल्या भागात हे फार महत्त्वाचं: चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर जवळ असलं तरी दुसरं राज्य. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ‘महाराष्ट्रात घरपोच’ असं पान लिहिण्याआधी सीएला विचारा. एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थ विक्रीच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा) १४ अंकी क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवा.

शहापूरची मांडेवाली
खूप आभार. पेजचा पत्ता करून बघितला, जमला. आता दोन अडचणी. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की कधी फोटो येतो, कधी येत नाही. आणि ऑर्डर कुठल्या पानावरून आली हे कसं कळणार?

टिळकवाडी दुसरं गेट
फोटो : पानातला पहिला फोटो आडवा घ्या, १२०० बाय ६३० पिक्सेल, वजनाने हलका. मोबाईलचा उभा, मोठा फोटो तसाच चढवला की गडबड होते. व्हॉट्सॲपमध्ये लिंक पेस्ट केल्यावर वर चौकट दिसेपर्यंत थांबा, मग पाठवा. घाईने पाठवली तर नुसती अक्षरं जातात. फेसबुकवर जुनाच फोटो येत असेल तर त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये (लिंक तपासायचं फेसबुकचं पान) पत्ता टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबा.

ऑर्डरचा माग : प्रत्येक पानाखाली व्हॉट्सॲपची डब्ल्यूए डॉट मी लिंक द्या, ती दाबली की थेट तुमची चॅट उघडते. नंबर ९१ पासून सुरू, अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मोकळी जागा नाही. तिला आधीच लिहिलेला संदेश जोडता येतो. रुखवताच्या पानावर ‘रुखवतासाठी चौकशी’, पाठवणीच्या पानावर ‘पार्सलची चौकशी’. संदेश वाचूनच पान कळतं, आणि व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये त्याच नावाचं लेबल लावलं की महिन्याअखेर मोजता येतं.

इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, तिथं पत्ता लिहून उपयोग नाही. बायोत पाच लिंका बसतात, त्यात दर, रुखवत, पार्सल एवढंच ठेवा. स्टोरीला लिंक स्टिकर लावा आणि ती स्टोरी हायलाइटमध्ये टाका, नाहीतर २४ तासांत जाते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून ऑर्डरच्या पानावर ‘नंबर सेव्ह करा’ ही ओळ ठळक हवी.

खडेबाजारकर
वेळेचं राहिलं. नवीन साइट गूगलमध्ये वर यायला आठवडे, कधी महिने जातात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, तेव्हा रुखवताचं पान गणपतीच्या आसपास चढलेलं हवं. दरवर्षी नवं पान काढू नका, त्याच पानावर दर आणि तारीख बदला, जुनी ओळख टिकते. रील मात्र त्या त्या आठवड्यातच टाका आणि पानातली एकच गोष्ट दाखवा, उदाहरणार्थ डबा कसा भरतात. बाकीचं विचारणाऱ्याला पानाची लिंक.

शहापूरची मांडेवाली
मग पहिलं रुखवताचं, दुसरं पार्सलचं. कन्नड पानासाठी शेजारच्या बाईंना विचारते. पार्सलचं पान सीएशी बोलल्यावरच चढवीन.