फिशटँकचं पाणी आणि फिल्टर: तुमच्या घरचे अनुभव लिहा

नौपाड्यातल्या आमच्या घरात पहिला फिशटँक आला, तेव्हा मी तो दर रविवारी धुवायचो. मासे बादलीत, दगड परातीत, काच घासून लख्ख, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळलेला, आणि मग नळाचं ताजं पाणी काठोकाठ. पाच आठवड्यांत अकरा मासे गेले. पाणी मात्र प्रत्येक वेळी आरशासारखं होतं. "बाबा, कालच तर धुतला ना?" असं लेक विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

उत्तर पुढे वाचनातून मिळालं. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो. स्पंजवर, दगडांवर, काचेवर राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विष. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साठत जातं, आणि ते काढायला पाणी बदलायचं असतं. या जीवाणूंची वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मी ती दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकत होतो. मासे घाणीने मेले नव्हते.

आता आठवड्याला पाव टँक बदलतो. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टँकमध्ये ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे पाव भाग १४ लिटर, एक बादली. बादली आदल्या रात्री भरून ठेवतो आणि ओतण्याआधी अँटीक्लोरीनचे थेंब टाकतो. काम वीस मिनिटांचं आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत मासे पाळणाऱ्यांनी आपला अनुभव लिहावा. पाणी कुठलं, फिल्टर कोणता, काय बिघडलं, कशाने सावरलं. नवीन माणसाला सगळ्यात जास्त उपयोग बिघडलेल्या गोष्टींचा होतो.

नेरुळहून

आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी. टँक लावून चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. घाबरून सगळं बदललं. दोन दिवसांत पुन्हा दुधाळ. असं तीनदा केलं. मग ऑफिसातल्या एका दादांनी सांगितलं की नव्या टँकमध्ये पाण्यात तरंगणारे जीवाणू एकदम वाढतात, त्याने तसं दिसतं. हात लावू नकोस, आपोआप निवळेल. त्यांनीच टेस्ट किट आणायला लावलं. अमोनिया बराच दिसला, म्हणून दोन आठवडे रोज पाव पाणी बदललं आणि खाणं एक दिवसाआड केलं.

खरा फरक मात्र त्यांनी दिलेल्या स्पंजने पडला. त्यांच्या जुन्या फिल्टरमधला तपकिरी, चिकट तुकडा टँकच्याच पाण्यात भिजवून पिशवीतून आणला आणि माझ्या फिल्टरमध्ये कोंबला. जीवाणूंचं विरजणच म्हणा. दहा दिवसांत अमोनिया शून्यावर आला. ओळखीत कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर हे जरूर मागा. फक्त त्यांच्या माशांना रोग नाही ना, हे आधी विचारा.

घोडबंदर रोडहून

आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकर येतात, आणि ते पाणी बऱ्याचदा बोअरचं असतं. गीझरच्या नळावर, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो त्यावरून कळतं. गेल्या वर्षी मी निऑन टेट्राच्या टँकमध्ये अर्धं पाणी टँकरचं घातलं. अँटीक्लोरीन घातलं होतं, तरी तासाभरात सगळे कोपऱ्यात गोळा होऊन जोरजोरात श्वास घ्यायला लागले. रंगही उडाला. चार गेले.

पाणी अस्वच्छ होतं असं नाही. महिनाभर मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात राहिलेल्या माशांवर जास्त क्षारांचं जड पाणी एकदम पडलं. तेच पाणी थोडं थोडं करून घातलं असतं तर मासे सरावले असते. आता नळाला पालिकेचं पाणी येतं त्या वेळी दोन झाकणाचे ड्रम भरून ठेवते. टँकरचंच वापरायची वेळ आली तर एका वेळी दोन तांबे, तेही एक दिवसाआड.

आणखी एक. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. ते सरळ टँकमध्ये घालू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंड उघडतात. सकाळी सहाला पाणी बदलणं हा आमच्याकडचा उपाय.

वाशीहून

मी निवृत्त आहे, वय ७१. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, तेव्हापासूनचा हा छंद. ते मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, म्हणजे माझ्याहून थोडंच मोठं. घरी टँक मात्र नोकरी संपल्यावर आला.

माझ्याकडे एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर आहे, दोन स्पंजांचा. पाणी काढलं की त्याच बादलीत एक स्पंज तीन-चार वेळा दाबतो, गाळ निघाला की परत लावतो. दुसऱ्याला पुढच्या खेपेला हात लावायचा. स्पंज तपकिरीच राहतो आणि तसाच राहू द्यावा. पूर्वी सून म्हणायची, "बाबा, तो स्वच्छ झालाच नाही." आता तीच नातवाला समजावते.

पाणी काढायची सायफनची नळी तोंडाने ओढू नका. नळी टँकमध्ये पूर्ण बुडवून भरा, एक टोक अंगठ्याने दाबून खाली बादलीत न्या आणि सोडा. तळाच्या दगडांत नळी खुपसली की गाळ उसळतो आणि वर जातो, दगड मागे राहतात. तो एवढा गाळ पाहून पहिल्यांदा मला वाईट वाटलं होतं. वरून टँक किती निर्मळ दिसत होता! हे पाणी बाल्कनीतल्या तुळशीला आणि मोगऱ्याला घालतो. नायट्रेट म्हणजे त्यांचं खतच.

सकर मासा 'घाण खातो' म्हणून गळ्यात मारतात. तो हातभर वाढतो आणि स्वतःच भरपूर घाण करतो. मग लोक तो तलावात सोडतात. कृपा करून सोडू नका, तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

ऐरोलीहून

गौरी-गणपतीला आम्ही सात दिवस गुहागरला जातो. शेजारच्या काकूंना चावी आणि खाण्याचा डबा दिला. काकूंनी मायेने रोज दोन वेळा चिमूट चिमूट घातलं, कारण मासे काचेजवळ येऊन 'मागायचे'. परत आलो तर घरभर वास, फिल्टरच्या तोंडाशी बुरशी आलेल्या खाण्याचा थर, पाण्याची धार जवळजवळ बंद. तीन गप्पी आणि एक एंजल गेला. काकू रडल्या. त्यांना मी काय बोलणार? सांगायचं मीच विसरले होते.

आता कागदाच्या दोनच पुड्या करून ठेवते, सोमवार आणि गुरुवार लिहून, आणि डबा कपाटात. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. पाणी बदलणं आणि फिल्टरचा गाळ काढणं निघण्याच्या दोन दिवस आधी करते, म्हणजे काही बिघडलंच तर आपण घरी असतो.

कळव्याहून

एका पावसात आमच्याकडे नऊ तास वीज नव्हती. माझा टँक मोठा, खाली कपाटात बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर. वीज आली, फिल्टर आपोआप सुरू झाला आणि अर्ध्या तासात मासे तडफडायला लागले. बंद डब्यात पाणी फिरलं नाही की आतला प्राणवायू संपतो, जीवाणू मरतात आणि सडलेलं पाणी वीज आल्यावर थेट टँकमध्ये येतं. तेव्हापासून वीज तासा-दोन तासांपेक्षा जास्त गेली तर प्लग काढून ठेवतो. डबा उघडून आतलं पाणी फेकतो, जीवाणू बसतात त्या रिंग आणि स्पंज टँकच्या पाण्यात हलवून घेतो, मगच चालू करतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असावाच.

फिल्टर घरघर करत असेल तर तो लगेच बदलू नका. आतल्या पंख्याच्या चुंबकाला शेवाळं आणि केस चिकटतात. जुन्या टूथब्रशने घासलं की बहुतेकदा आवाज जातो. आणि वायर बोर्डापर्यंत नेताना मध्ये खाली झोळ सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता तिथेच टपकतं. हात घालण्याआधी प्लग काढाच.

खारघरहून

मी अगदी नवीन. मागे अडकवायचा फिल्टर आहे, त्यात कोळशाची चपटी पिशवी. दुकानदार म्हणाले दर महिन्याला फेकून नवी घाला. इथलं वाचून भीती वाटते. काय करू?

नौपाड्याहून

ताई, कोळसा काही आठवड्यांत निकामी होतो हे खरं, पण त्याच पिशवीवर जीवाणूही बसलेले असतात. फेकली की वस्ती गेली. रोजच्या वापरात कोळसा लागतच नाही, औषध दिल्यावर ते पाण्यातून काढायला लागतो. स्पंजचा तुकडा कापून पिशवीच्या शेजारी बसवा, दोन्ही महिनाभर बरोबर चालू द्या, मग पिशवी काढा.

खारघरहून

तसंच केलं. काल पिशवी काढली, आज अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. आणि मॉलीने पिल्लं दिलीत! चौदा मोजली, पानांत लपलेली आहेत. फिल्टर त्यांना ओढून घेईल का? तोंडाला कापड बांधू?

नौपाड्याहून

कापड नको, लगेच तुंबतं. ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाड भोकांचा स्पंज बसवा आणि पाणी बदलताना तो बादलीत दाबून घ्या. सायफनच्या बादलीतलं पाणी फेकण्याआधी उजेडात नीट बघा, एखादं पिल्लू त्यात आलेलं असतं.