घाम दिसला तरच निळी जर्सी?

उलटा_बूट

१४ ऑक्टोबर २०२५ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने भारताच्या फुटबॉल संघाला २-१ने हरवलं आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्यावर कडी म्हणजे परवा, १८ नोव्हेंबरला, ढाक्यात बांगलादेशनेही १-०ने मारलं. तेव्हापासून संघनिवडीवर जे काही वाचतोय त्याचा सूर एकच. अमका जीव तोडून खेळत नाही, त्याला काढा. तमका नव्वद मिनिटं धावतो, त्याला घ्या.

मला हा निकषच पटत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो. चेंडूपासून तीस मीटरवर कोण कुठली जागा धरून उभा आहे ते घरी बसून दिसत नाही. दिसतं काय, तर घसरून केलेला टॅकल, चिखलाने भरलेली जर्सी आणि हात वर करून आरडाओरडा. जो आधीच योग्य जागी उभा आहे त्याला टॅकल करावीच लागत नाही, आणि आपण त्यालाच अंगचोर ठरवतो.

जूनमधला हाँगकाँगचा सामना आठवा. अशिक कुरुनियन हा धावण्यात कुणाला हार जाणारा नाही. उघडा गोल समोर असताना त्याने चेंडू बाहेर घालवला. शेवटी भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर आपण ०-१ हरलो. घाम कुठे कमी पडला होता? ऐन वेळी डोकं शांत ठेवणारा कमी पडला. भारताचा सगळ्यात मोठा गोलवीर सुनील छेत्री पूर्वार्धभर बाकावर होता.

पेठेतला_प्रेक्षक

अशिक तिथं पोचला म्हणून चुकला की हो! जो पोचतच नाही तो चुकणार कसा?

आणि सिंगापुरातला ९ ऑक्टोबरचा सामना सोयीस्कर विसरलात. उत्तरार्ध सुरू होताच आपला बचावपटू झिंगनला लाल कार्ड, दहा जण राहिलो, एक गोलने मागे. ९०व्या मिनिटाला रहीम अलीने समोरच्या बचावपटूच्या बॅकपासवर झडप घातली आणि बरोबरी केली. त्या चेंडूवर कुणीच धावला नसता. कुणी म्हणेल नशीब. मी म्हणतो, दमलेल्या पायांनी अजून एक धाव काढली त्याचं ते फळ.

आमच्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की अंग राखून खेळणारा लोकांना लगेच कळतो. मग तो कितीही नावाजलेला असो, गॅलरी त्याला सोडत नाही. टीव्ही लागत नाही त्याला.

ऑफसाइड

गॅलरीला सगळंच कळतं. रेफरीपेक्षा जास्त कळतं. म्हणून तर दरवर्षी बंदोबस्त लागतो.

पेठेतला_प्रेक्षक

@ऑफसाइड, बंदोबस्त प्रेमापोटी लागतो. बाकी ठिकाणी मोकळ्या खुर्च्यांना कशाला हवेत पोलीस?

कूपरेज

दोघांनाही थोडं थांबवतो. भारताचा प्रशिक्षक खालिद जमील इथे मुंबईत खेळला, महिंद्रा युनायटेडकडून. पुढे प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसीला त्याने वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशांत तगवलं आणि २०१६-१७ला आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली. हे सगळं त्याने कसं केलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याच्या निवडीचं नवल वाटणार नाही. त्याला आधी शिस्त लागते, बचावाला मागे परत येणारे विंगर (कडेने खेळणारे) लागतात, कौशल्य त्यानंतर.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानात काफा या मध्य आशियाई स्पर्धेत भारताचा प्रशिक्षक म्हणून त्याची पहिलीच कामगिरी. मोहन बागान क्लबने खेळाडू सोडले नाहीत, छेत्री नव्हता. तरी यजमान ताजिकिस्तानला २-१ हरवलं आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये. इराणविरुद्ध झिंगनच्या गालाचं हाड मोडलं, आणि महिन्याभराने तो सिंगापुरात पुन्हा मैदानात होता. असा माणूस संघात असला की बाकीच्यांना अंग चोरायची लाज वाटते. हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

उलटा_बूट

@कूपरेज, काफाचं श्रेय पूर्ण मान्य. पण तिथे आपण बहुतेक वेळ आपल्याच गोलजवळ मागे राहून बचाव करत होतो आणि गोलमध्ये गुरप्रीत होता. चेंडू समोरच्याकडे असताना धावपळ पुरते. फातोर्ड्यात आपल्याला जिंकायचं होतं, चेंडू आपल्याकडे हवा होता. तिथे नुसत्या कष्टाळूपणाचं काय झालं ते पाहिलंच.

झिंगनबद्दल आदर आहेच. पण तो फातोर्ड्यात का नव्हता? आधीच्या सामन्यातल्या दोन पिवळ्या कार्डांमुळे. ज्या जोशाचं आपण कौतुक करतो त्याचं बिलही कधीतरी बघा.

सासष्टीकर

मी फातोर्ड्याला गॅलरीत होतो. आपल्या छांगटेने १४व्या मिनिटाला लांबून तो गोल मारला तेव्हा वाटलं, आज काम झालं. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उई-योंगने बरोबरी केली, ५८व्या मिनिटाला दुसरा. पुढचा अर्धा तास आमचे खेळाडू धावत नव्हते असं कुणी म्हणू नये. धावत होते, पण सगळे एकाच दिशेला, चेंडूकडे. पास घ्यायला मोकळ्या जागेत कोण येतो? कुणी नाही. वरून बघितलं की हे लख्ख दिसतं, म्हणून बुटाचा मुद्दा मला अर्धा पटतो.

अर्धाच, कारण खरी गोष्ट तुम्ही दोघंही बोलत नाही. गेली दोन वर्षं सप्टेंबरात सुरू झालेली आयएसएल, म्हणजे देशातली अव्वल क्लब लीग, यंदा २०२५ला सप्टेंबरात सुरूच झाली नाही. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आलेला, पुढे काय ते ठरेना. ड्युरंड चषकाला आयएसएलचे निम्मेच क्लब आले. क्लबांचा सुपर कप सुरू झाला तो या सामन्यांनंतर, इथेच गोव्यात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये मैदानात उतरलेल्या कितीतरी जणांच्या पायात लीगचा एक सामनाही नव्हता. ७०व्या मिनिटाला गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिलेला पोरगा आळशी नसतो रे, त्याच्यात दम राहिलेला नसतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

ऑफसाइड

म्हणजे अंग चोरलं ते सूट घातलेल्यांनी. त्यांना कोण बाकावर बसवणार?

निरुपमा

शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते, म्हणून थोडं बोलते. 'ही प्रयत्न करत नाही' हा शिक्का मोठ्या प्रमाणात चेहऱ्यावरून बसतो. खांदे पाडून चालणारी मुलगी पालकांना कंटाळलेली वाटते. प्रत्यक्षात मधली जागा तीच बरोबर वाचत असते.

मोठ्या पातळीवर जर्मनीच्या ओझिलचं उदाहरण आहे. २०१८च्या विश्वचषकात जर्मनी दक्षिण कोरियाकडून ०-२ हरून गटातच बाहेर पडली आणि सगळा राग त्याच्या पडलेल्या खांद्यांवर निघाला. त्याच सामन्यात त्याने सहकाऱ्यांसाठी गोलच्या सात संधी तयार केल्या होत्या. त्या वाया घालवणाऱ्यांची देहबोली उत्तम होती बहुतेक!

पेठेतला_प्रेक्षक

ताई, ओझिल ठीक आहे. पण आपल्याकडं ओझिल आहे कुठं? संधीच तयार होत नसतील तर चालत खेळायची चैन कुणाला परवडते? मेस्सी चालतो कारण उरलेले नऊ जण त्याच्यासाठी धावतात. आणि तो मेस्सी आहे.

आता स्पष्टच बोलतो, कारण सगळे छेत्रीभोवती गोल गोल फिरताय. जून २०२४ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला, माझेही डोळे भरले. मार्च २०२५ला तेव्हाचा प्रशिक्षक मार्केझने परत बोलावलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध ९५वा गोल. तो मैत्रीपूर्ण सामना. पात्रता फेरीत एकही नाही. ४१ वर्षांचा फॉरवर्ड समोरच्या बचावपटूंवर दबाव टाकू शकत नाही, मग मागच्या पोरांना दुप्पट पळावं लागतं. सासष्टीकरांनी सांगितलेला दमसास तिथंच संपतो.

उलटा_बूट

छेत्रीला भावनेपोटी बोलावलं असतं तर तुमच्याशी सहमत झालो असतो. पण २०२४-२५च्या आयएसएलमध्ये त्याने १४ गोल केले, भारतीयांमध्ये सर्वाधिक. मार्केझने करायचं काय होतं, चौदा गोलवाल्याला घरी ठेवून पळणाऱ्याला न्यायचं? प्रश्न छेत्री का आला हा नाही. दुसरा कुणी चौदाच्या जवळपासही का नाही, हा आहे. क्लबांत नऊ नंबरला, म्हणजे गोल मारायच्या मधल्या जागी, परदेशी खेळतो आणि आपली मुलं विंगवर ढकलली जातात. मग ती विंगवर पळायलाच शिकतात. पळतात छान. पात्रता फेरीच्या पाच सामन्यांत गोल दोन.

पेठेतला_प्रेक्षक

त्या दोनातला एक रहीमच्या पळण्याचा. हिशोब तुम्हीच मांडलात.

कूपरेज

आणि दुसरा छांगटेच्या डाव्या पायाचा. बरोबरीत सोडवा.

गंमत अशी की ढाक्याला खालिदने छेत्रीला नेलं नाही, नवी पोरं उतरवली, ज्याची मागणी होत होती ते सगळं केलं. ११व्या मिनिटाला गोल खाल्ला आणि उरलेला वेळ पळण्यात गेला. तेव्हाही लोकांना घाम दिसलाच नाही, कारण आपण हरलो होतो. जिंकलेल्या संघातला आळशी माणूस मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

निरुपमा

मार्च २०२६च्या शेवटी हाँगकाँगविरुद्ध घरचा सामना आहे. आपण बाहेर पडलोच आहोत, गमावण्यासारखं काही नाही. सप्टेंबरमध्ये नौशाद मूसांच्या २३ वर्षांखालील संघाने बहारीनला २-० हरवलं, ब्रुनेईला सहा गोल मारले. त्यातल्या चार-पाच जणांना पूर्ण नव्वद मिनिटं द्या. आणि विबिन मोहननला मधोमध खेळवा, तो धावताना दिसला नाही तरी.

पेठेतला_प्रेक्षक

विबिन चालेल. पण समोर रहीमच हवा, आणि साठाव्या मिनिटाला त्याला काढलं तर मी टीव्ही बंद करणार.

सासष्टीकर

आधी तोपर्यंत लीग सुरू होते का बघा. नाहीतर दोघांनाही साठपर्यंत पोचवायला सायकल लागेल.