मदत हवी: घरी रेकॉर्ड केलेली गिटार दबकी येतेय

सहावी_तार:
घरी गिटार रेकॉर्ड करतोय. आवाज गोधडीखालून वाजवल्यासारखा येतो. समोर बसून ऐकलं तर छान वाजते. मोबाइलवर रेकॉर्ड केली तरी याहून बरी येते, मग एवढा खर्च केला कशाला? इक्यूमध्ये ट्रेबल (वरचे सूर) वाढवून बघितला, नुसती खरखर वाढली. रविवारी बहिणीच्या संगीतसाठी ट्रॅक द्यायचाय. व्हिडिओ बघायला सांगू नका, बघून झालेत.

खर्जातला_सा:
गिटार ॲकूस्टिक की इलेक्ट्रिक? माईक लावलाय की पिकअपची वायर थेट? माईक असेल तर कोणता, आणि कुठे ठेवलाय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

नाना_वादक:
तारा बदला. फॉस्फर ब्राँझच्या तारा घामाने मरतात, चमक जाते. मी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्या चढवतो.

सहावी_तार:
ॲकूस्टिक. कंडेन्सर माईक, इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी), लॅपटॉप. तारा नव्याच आहेत. समोर बसून छान वाजते असं वर लिहिलंय, तारा मेल्या असत्या तर वाजली असती का?

बफर_बहाद्दर:
लॅपटॉपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर 128 वर ठेवा आणि एएसआयओ हा साउंडचा ड्रायव्हर टाका. वाजवलेलं उशिरा ऐकू येणं बंद होईल.

खर्जातला_सा:
उशिराची तक्रार कोणी केलीय?

मधली_सुट्टी:
कंडेन्सरला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण दाबलंय का?

खर्जातला_सा:
दाबलं नसतं तर कंडेन्सरमधून आवाजच आला नसता. माईक कुठे आहे ते सांगा.

सहावी_तार:
साउंडहोलसमोर, म्हणजे गिटारच्या भोकासमोर. आवाज तिथूनच येतो ना?

खर्जातला_सा:
तिथून घुमारा येतो. गिटारच्या पेटीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक जितका जवळ आणाल तितका खर्ज फुगतो. बाराव्या फ्रेटसमोर (मानेवरच्या बाराव्या पट्टीसमोर) ठेवा, वीतभर ते फूटभर अंतरावर. मग 80 हर्ट्झच्या खालचं कापा. सगळ्यात जाड ई तार 82 हर्ट्झची आहे, गिटारचं काही जाणार नाही.

कपाटवाला:
माईक कुठेही ठेवा, खोली रिकामी असेल तर उपयोग नाही. मी भिंतींना गाद्या लावून वाजवतो. स्टुडिओ झक मारतो!

खर्जातला_सा:
खोली रिकामी असली की आवाज भिंतींवरून परततो, दबत नाही. यांची तक्रार दबकेपणाची आहे. त्यात गाद्या लावल्या तर वरचे सूर आधी शोषले जातील, खर्ज तसाच राहील.

कपाटवाला:
माझं रेकॉर्डिंग ऐकून मग बोला.

आई_डोंबिवलीची:
अवांतर: मुलगी दहा वर्षांची आहे, डोंबिवली पूर्वेला गिटार शिकवणारं कोणी माहीत आहे का? आधी कीबोर्ड घ्यावा का?

इअरफोन_गुंता:
ब्लूटूथ हेडफोनवर ऐकताय का? त्याचा माईक चालू राहिला की तो फोनकॉलच्या दर्जावर उतरतो, सगळंच दबकं ऐकू येतं.

सहावी_तार:
वायरचा हेडफोन आहे. माईक बाराव्या फ्रेटसमोर नेला. घुमारा कमी झाला, पण चमक अजून नाही. प्लीज जरा लवकर.

खर्जातला_सा:
माईकचं तोंड कुठे आहे?

सहावी_तार:
गिटारकडेच. टोक बरोबर तारांवर रोखलंय.

खर्जातला_सा:
टोक? जाडजूड, वर मोठी जाळी असलेला, स्टुडिओत गायक समोर उभे राहून गातात तसा माईक आहे का? त्याचं तोंड टोकाला नसतं, बाजूला असतं. आतला पडदा उभा असतो. कंपनीचं चिन्ह किंवा हृदयासारखी खूण ज्या बाजूला असेल ती गिटारकडे करा, माईक उभा ठेवा. टोकाकडून आलेल्या आवाजातले वरचे सूर पडतात, म्हणून तर ट्रेबल वाढवून खरखरच वर आली. स्टेजवरचे हातात धरायचे माईक टोकातून ऐकतात, हे तसे नाहीत.

नाना_वादक:
हे मी सांगणारच होतो.

सहावी_तार:
फिरवला. प्रचंड फरक! गेन (माईकची पातळी) पण कमी करावा लागला. पण आता कॉर्ड बदलताना बोटं तारांवर घासल्याची चिर्र ऐकू येतेय, आणि शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा. चिर्रचं काय करू?

खर्जातला_सा:
माईकचा रोख फ्रेटबोर्डकडून थोडा पेटीकडे वळवा, भोकावर मात्र आणू नका. बोटं सरकवण्याआधी जरा उचला. कुकरचं शेजाऱ्यांशी बोला.

नाना_वादक:
नव्या तारा जास्त चिरचिरतात. जुन्या आहेत का घरात?