थारला ३३ इंची मड टायर घालू का? रोज वाळपई-पणजी, रविवारी कुळागर

कुळागरवाला
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल थार, फोर बाय फोर, १६ इंची रिम. टायर कंपनीचेच, २४५/७५ आर १६, झिजत आलेत. चवथीच्या आत बदलायचे आहेत.

आठवड्याचे पाच दिवस वाळपई ते पणजी, सगळं डांबर. रविवारी आमच्या सत्तरीतल्या ठाणे गावाच्या पुढे आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत. मुख्य रस्ता सोडला की तांबड्या मातीची वाट, मध्ये एक व्हाळ (ओढा) आणि व्हाळ ओलांडला की लगेच चढ. पावसात शेणखताच्या गोणी भरून निघालो की गाडी अर्ध्या चढावर थांबते आणि चाकं जागच्या जागी फिरतात. मग कामगार ढकलतात आणि सगळा चिखल त्यांच्या तोंडावर.

म्हापशाचा एक दुकानदार म्हणतो, २८५/७५ आर १६ मड टेरेन, म्हणजे चिखलाचे ३३ इंची टायर घाल, गाडी दोन इंच लिफ्ट कर (उंच उचल), विषय संपला. धाकटा भाऊ म्हणतो मागचे दोनच मोठे घाल, निम्मे पैसे वाचतील. ३३ इंची टायर दिसतात झकास, खोटं कशाला बोलू. आई मात्र विचारते, मी वर चढू कशी?

पर्वरीचा_गडी
घाल रे बिनधास्त. माझ्या गाडीला ३३ आहेत, चिखलात अडत नाही, मोरजीच्या वाळूत पण पळवलीय. आवाज येतो थोडा, गाणी मोठ्याने लावायची. मायलेज कोण बघतो.

फोरमन_डिचोली
मोरजीचं इथे लिहू नकोस बाबा, किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे आणि पोलीस पण इंटरनेट वाचतात. बाकी तुला शेणखत न्यायचं नाही, त्यामुळे तुझं तुझ्यापुरतं बरोबर.

कुळागरवाल्या, तू घाई करू नकोस. मी खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये होतो, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. पावसाळ्यात खनिज काढणं थांबायचं, पण पिटातलं पाणी उपसायला पंपवाले रोज खाली उतरायचे. त्यांच्या जिपांचे टायर माझ्या हाताखालून जायचे, त्यावरून सांगतो.

भावाचं आधी निकालात काढू. थार फोर बाय फोरमध्ये घातली की पुढचा आणि मागचा एक्सल थेट जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल नाही. मागची चाकं मोठी आणि पुढची लहान असली की एका फेऱ्यात दोघं वेगळं अंतर कापणार, आणि त्या ओढाताणीत ट्रान्सफर केसचा, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, जीव जाणार. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची, नाहीतर पंक्चर झाल्या दिवशी तीच भानगड.

आता माप. तुझ्या आताच्या टायरचा व्यास ७७४ मिलिमीटर. २६५/७५ चा ८०४, २८५/७५ चा ८३४. यातली अर्धीच वाढ गाडीच्या पोटाखाली मिळते. म्हणजे ३३ इंचांवर एवढे पैसे घालून एक्सलखाली वाढले किती, तर ३० मिलिमीटर. दोन बोटं. त्यासाठी गिअर जवळजवळ ८ टक्के लांब होतात, म्हणजे चाकावरची ओढ तेवढी कमी. तुझा चढ व्हाळातून निघाल्या निघाल्या आहे, पळ घ्यायला जागा नाही. टर्बो जागा होण्याआधीच गाडी मरणार आणि तू क्लच अर्धा धरून ठेवणार. महिन्याभरात वास येईल. काटा ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६४-६५. टायर जड, म्हणून ब्रेकही लांबतो. स्टेपनी मागच्या दाराला लटकते, तिच्या वजनाने बिजागऱ्या बोलायला लागतात. लिफ्ट केलीस की पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या सीव्ही जॉइंटचे (वळत्या सांध्यांचे) कोन वाढतात, रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि माती आत. आईचा प्रश्न मी यात धरलेलाच नाही.

दुकानदार हे सांगणार नाही, आणि कायद्याचंही सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येत नाही. बॉडीबाहेर आलेले टायर आरटीओला लांबून दिसतात. अपघात झाला तर विमावाले टेप घेऊन येतील.

पण मला खरी काळजी मड टेरेनची आहे, आणि तीही कुळागरातली नव्हे. त्याचे ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद. चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो, म्हणून चिखलात तो राजा. डांबरावर मात्र टेकणारं रबर कमी आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिराही कमी. जुलैची सर, साखळीच्या पुढचं वळण, समोर रेनकोट घातलेला स्कूटरवाला. तिथे ब्रेक दाबून बघ कसं वाटतं ते. आठवड्याचे पाच दिवस तू त्या रस्त्यावर आहेस.

आणि तुमच्या वाटेला रुंदी नकोच आहे. सत्तरीच्या असल्या वाटांवर वरती चिकण आणि खाली जांभा. चिकण कापून जांभ्याला टेकलं की चाक धरतं. रुंद टायर वरच्या वर तरंगतो आणि सरकतो. वाळूत उलटा हिशोब, तिथे तरंगायलाच हवं.

माझं मत: ऑल टेरेन (डांबर आणि माती दोन्हीला चालणारा टायर), आहे तेच माप. फारच हौस असेल तर २६५/७५, पण पैसे देण्याआधी एक बसवून घ्यायचा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं, एक चाक दगडावर चढवायचं आणि चाकावरच्या आतल्या लायनरला (प्लास्टिकच्या आच्छादनाला) घासतं का ते वाकून बघायचं. टायरच्या बाजूवर 'DOT' लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाच. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल सवलतीत गळ्यात मारतात.

कुळेचा_ड्रायव्हर
फोरमनकाकांना अनुमोदन. आमच्याकडे दूधसागरच्या वाटेला पाण्यात गोटे, त्यावर शेवाळ. तिथे नक्षीपेक्षा हवा महत्त्वाची. हवा कमी केली की टायर गोट्याला मिठी मारतो. टणक टायर गोट्यावरून उडी मारून बाजूच्या कपारीत पडतो आणि साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) फाटते. साइडवॉलला पंक्चर काढता येत नाही, टायर सरळ भंगारात. आणि चाक फिरायला लागलं की पाय काढायचा. फिरवून फिरवून खड्डाच खणला जातो.

कुळागरवाला
धन्यवाद काका, ड्रायव्हरभाऊ. भावाला दाखवलं, तो गप्प. ऑल टेरेनच घेतो, माप तेच. हवा नक्की किती ठेवू? मी आजवर वाट असो की रस्ता, एकच आकडा भरत आलोय.

फोरमन_डिचोली
तिथेच तुझी गाडी अडतेय, टायर नंतरची गोष्ट.

दाराच्या खांबावर कंपनीचा स्टिकर आहे, डांबरावर त्यातला आकडा. पण ऑल टेरेनमध्ये एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला जाड टायर घेतलास तर तो आकडा जसाच्या तसा चालेल असं नाही. तेव्हा खडू घे. टायर थंड असताना नक्षीवर आडवी जाड रेघ मार, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. सरळ, कोरड्या रस्त्यावर शंभरेक पावलं गाडी चालव आणि उतरून बघ. रेघ फक्त मध्ये पुसली असेल तर हवा जास्त. दोन्ही कडांना पुसून मध्ये राहिली असेल तर कमी. सगळी सारखी पुसली की तो तुझा आकडा. गोणी भरून परत एकदा कर, फरक दिसेल. खडूचे पाच रुपये.

कुळागराच्या वाटेला लागण्याआधी, डांबर संपतं तिथे, हवा २० पीएसआयवर आण. वजन जास्त असेल तर २२. टायर जमिनीवर लांबोडका बसतो, पकड त्या लांबीची मिळते. १५ च्या खाली जाऊ नकोस, वळताना टायर रिमवरून सुटेल. फोर-लो, म्हणजे फोर बाय फोरचा हळू पण जोरदार गिअर, व्हाळाच्या अलीकडे, गाडी थांबवून घालायचं. चढावर अडल्यावर घालणारे खूप बघितले. पहिला नाहीतर दुसरा गिअर, आणि वर पोचेपर्यंत बदलायचा नाही.

परत डांबरावर येताना हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. कमी हवेत साइडवॉल सतत दुमडते, तापते आणि आतून सुटते, बाहेरून काही दिसत नाही.

कुळागरवाला
म्हणजे कंप्रेसर घ्यावा लागणार. सिगारेट लायटरमध्ये लागणारा चालेल?

फोरमन_डिचोली
तो स्कूटरला ठीक. थारचे चार टायर भरताना फ्यूज उडवील. बॅटरीला चिमटे लावायचा घे, इंजिन चालू ठेवून भर, आणि गेज वेगळा घे, कंप्रेसरवरच्या काट्यावर विसंबू नकोस.