प्रति: गावात राहून गाण्यावर पोट भरत नाही
'गुहागरात बसून स्वतःची गाणी लिहिणाऱ्या पोराचं पोट भरणार नाही, मुंबई गाठावीच लागेल' हे वर म्हटलंय, ते अर्धंच पटलं. आमच्याकडचे शक्ती-तुऱ्याचे (दोन पक्षांत गाण्यातून सवाल-जवाब रंगवणारी कोकणातली लोककला) शाहीर आजही स्वतः गाणी रचतात, गणपतीत जाखडी नाच घेऊन वाडीवाडीत फिरतात, सुपारी आली की मुंबईत सामना करून येतात. बिऱ्हाड गावातच. गिटारवाल्या पोरांना ही वाट का दिसत नाही कोण जाणे!

पैशाचा एक मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. करारात तसं कलम घुसवलं तरी. पण तो पैसा हातात पडायला आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सदस्य होऊन एकेक गाणं तिथे नोंदवायला हवं. शाहिरांसारखं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफून भागत नाही. आणि गीत एकाचं, चाल दुसऱ्याची असेल तर वाटणी आधीच कागदावर घ्या, मित्र असलात तरी.