पाँटून बोट : दोनपैकी कोणती घेऊ? शनिवारपर्यंत ठरवायचंय

लेकवेडा : मदत हवी आहे. दोन पाँटून बोटी (पोकळ नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट बोटी) पसंत केल्यात. दोन्ही २२ फुटी, दोन्हींना ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन, वर कापडी छत, सोफे, सगळं सारखंच. एक ६ हजार डॉलरने महाग. डीलर म्हणतो, शनिवारनंतर हा भाव मिळणार नाही. आम्ही चौघं, शिवाय उन्हाळ्यात आईबाबा येतात. महागडी घ्यावी का? लवकर सांगा.

मेघना_क : कुठलं तळं? मुलं केवढी?

लेकवेडा : जॉर्जियातलं लेक लेनियर, आणखी कुठलं! कमिंगला राहतो. मुलं ६ आणि ९.

नाना_ऑस्टिन : बोट घेऊच नका, भाड्याने घ्या. विमा, ठेवायची जागा, थंडीआधी इंजिनाची देखभाल, हे सगळं उन्हाळ्यात चार वेळा फिरण्यासाठी? आम्ही कायम भाड्याचीच घेतो.

लेकवेडा : नाना, दोन उन्हाळे भाड्याने काढले. प्रश्न तो नाहीये.

सुहास_मिशिगन : ६ हजार जास्त कशाचे? खाली वाकून बघितलंत का, नळ्या दोन की तीन?

लेकवेडा : महागडीला तीन आहेत. त्याने एवढा फरक पडतो?

सुहास_मिशिगन : अहो, खरा फरक तोच! मधल्या नळीमुळे लाटांत बोट स्थिर राहते, सगळे एका कडेला जमले तरी कमी कलते. पण वजनही वाढतं. माणसं भरल्यावर ११५ कमी पडेल, तीन नळ्यांना १५० तरी हवं.

अलका_विस्कॉन्सिन : १५० कशाला? आमची दोन नळ्यांची, ९० चं इंजिन. नऊ वर्षं नातवंडांना फिरवतोय.

सुहास_मिशिगन : अलकाताई, तुमचं तळं शांत असेल. लेनियर ३८ हजार एकरांचं आहे, सुट्टीच्या दिवशी मोठ्या बोटी चहूबाजूंनी लाटा उठवतात.

अलका_विस्कॉन्सिन : मग सकाळी लवकर जावं, अकराच्या आत परत यावं. तीन नळ्या असल्या म्हणून गर्दी कमी होते का?

मेघना_क : बोट तळ्यापर्यंत ओढून नेणार कुठल्या गाडीने?

लेकवेडा : टोयोटा हायलँडर. ५००० पौंड ओढते, बघितलंय.

मेघना_क : ती साधी पेट्रोलवाली. हायब्रिड असेल तर ३५००. बोट, इंजिन, ट्रेलर, टाकीतलं पेट्रोल, सगळं धरून मोजा.

लेकवेडा : हायब्रिडच आहे. हे डीलर बोललाच नाही.

कोयनाकाठ : तापोळ्याला आमच्या लहानपणी लाँचने पलीकडच्या गावी जायचो, त्याची आठवण झाली. आईबाबांसाठी चढताना धरायला दांडी आहे का, ते बघा. गुडघ्यांचं दुखणं असेल तर सोफ्यांपेक्षा तेच आधी.

मेघना_क : आणि इंजिन चालू असताना मागच्या शिडीपाशी मुलांना अजिबात बसू देऊ नका. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याचा धोका तर आहेच, धुरातला कार्बन मोनॉक्साइडही तिथेच साचतो. जॉर्जियात बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे.

नाना_ऑस्टिन : म्हणून म्हणतो, भाड्याची घ्या.

लेकवेडा : नाना, नको. दोन्हींचं ट्रेलरसकट वजन डीलरकडून लेखी मागवलंय. महागडी ३५०० च्या वर गेली तर मरीनामध्येच (तळ्याकाठी बोटी ठेवतात तिथे) वर्षभराची जागा घ्यावी लागेल, तिचं भाडं विचारतोय. शनिवारी काही हो म्हणत नाही.

सुहास_मिशिगन : उत्तम. चाचणीला जाल तेव्हा रविवारी दुपारी जा, ऐन गर्दीत, सहा माणसं बसवून. तीच महागडी १५० च्या इंजिनासह कितीला पडते, तेही विचारा.