ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाबाबत (सबक्लास 462) मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियात फिरता फिरता काम करण्याची मुभा देणाऱ्या आणि भारतीयांसाठी वर्षाला 1000 जागा असलेल्या या व्हिसाच्या बॅलटमध्ये (सोडतीत) माझी निवड झाली असून, आता प्रत्यक्ष अर्ज करण्यासाठी 28 दिवसांचीच मुदत आहे. बॅलटच्या नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन कार्ड पुरले होते. खरी कागदपत्रे आता लागतात. व्हिसा फक्त 18 ते 30 वयोगटासाठी आहे आणि मला तिसावे वर्ष नुकतेच लागले आहे, त्यामुळे ही संधी चुकीच्या कागदापायी हातची जाऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

पहिली अडचण इंग्रजी येत असल्याच्या पुराव्याची. माझे शालेय शिक्षण साताऱ्यात मराठी माध्यमातून झाले, परंतु कृषी पदवीची चारही वर्षे इंग्रजीतून झाली. अशा वेळी शिक्षण इंग्रजीतून झाल्याचे महाविद्यालयाचे पत्र कोणी जोडले आहे का, की आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणेच सुरक्षित?

दुसरी अडचण पैशांची, आणि तीच मला अधिक छळते. सुमारे 5000 ऑस्ट्रेलियन डॉलर आणि परतीच्या भाड्याची सोय दाखवावी लागते. आमची मुदत ठेव मात्र वडिलांच्या नावावर आहे. ती मोडून रक्कम माझ्या खात्यात घेतली, तर अलीकडेच जमा झालेल्या रकमेचा खुलासा बक्षीसपत्राने करावा, की वडिलांचे साधे पत्र चालते?

एका मालकाकडे सहसा सहा महिनेच काम करता येते, हे मला माहीत आहे. ज्यांनी हा अर्ज स्वतः भरला आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.